पाहुणा, आप्त आणि सातवा दिवस

परदेशी स्थायिक झालेल्या नातलगांकडे आठवडाभर जाऊन निवांत राहणे ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाच्या आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात एखादा धर्मविषयक प्रश्न दडलेला असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. तीर्थयात्रेमागे पुण्याची अपेक्षा असते, व्यापारासाठी केलेल्या प्रवासामागे लाभाची असते, लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईच्या मुक्कामाला कर्तव्याचे अधिष्ठान असते. परंतु काहीच साधायचे नसताना, केवळ भेटीसाठी आणि विसाव्यासाठी दुसऱ्याच्या घरी घालवलेल्या सात दिवसांची जागा धर्मविचारात कोठे आहे, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. नात्यातला माणूस घरी आला म्हणजे तो अतिथी ठरतो काय, हा पहिला. आणि त्या घरात जी विश्रांती घडते ती येणाऱ्याची असते, ठेवून घेणाऱ्याची असते की दोघांची, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून असल्यामुळे विवेचनाचा आरंभ 'अतिथी' या शब्दापासूनच करणे योग्य ठरेल.

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, ही व्युत्पत्ती शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील व्याख्येचा रोख मात्र थोडा निराळा आहे. जो एकच रात्र मुक्काम करतो, ज्याचे राहणे नित्याचे नाही, तो अतिथी, असे ती व्याख्या सांगते. म्हणजे येण्याच्या अनिश्चिततेपेक्षा राहण्याची अनित्यता तेथे निर्णायक मानली आहे. त्याच प्रकरणात पुढे कोण अतिथी नव्हे याची यादी येते, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. एकाच गावात राहणारा अतिथी नव्हे, आणि ब्राह्मण गृहस्थाच्या घरी आलेले मित्र, गुरू व ज्ञाती हेही अतिथी नव्हेत. 'ज्ञाती' म्हणजे आपल्या कुळातील, रक्ताच्या नात्यातील माणसे, ज्यांना मराठीत भाऊबंद म्हणतात. या निकषांवर पाहिले तर ज्याच्या विमानाची वेळ चार महिने आधी कळलेली असते, ज्याचा परतीचा दिवस तिकिटावर छापलेला असतो, जो एक नव्हे तर सात रात्री राहणार असतो आणि जो सख्खा भाऊ किंवा चुलती असतो, तो माणूस अतिथिपदाच्या एकाही अटीत बसत नाही. अतिथीला देव मानण्याची जी आज्ञा तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आहे, तीही मग त्याला सरळसरळ लागू होत नाही.

यात नातलगांची अवहेलना आहे असे मानणे चूक होईल. गृहस्थाने रोज करावयाच्या पाच महायज्ञांपैकी एक नृयज्ञ, म्हणजे मनुष्यांप्रीत्यर्थ करावयाचा यज्ञ, आणि तो अतिथिपूजनाने संपन्न होतो. यज्ञात जे द्यायचे ते परत मिळण्याच्या हिशेबाने द्यायचे नसते, आणि ज्याला पुन्हा भेटण्याची शक्यता नाही अशा वाटसरूला दिलेले अन्नच या कसोटीला पूर्णपणे उतरते. नात्याचा पाया याच्या उलट असतो. आज याने त्याच्याकडे राहावे, उद्या त्याने याच्याकडे. आज याच्या लग्नात त्याने उभे राहावे, पुढे त्याच्या अडचणीत याने धावून जावे, अशा देवघेवीच्या अखंड धाग्यावर नाते टिकते. शास्त्रकारांनी ज्ञातींना अतिथिवर्गातून वगळले ते बहुधा याच जाणिवेने, की नात्याला यज्ञाचे रूप दिले तर यज्ञही बिघडेल आणि नातेही.

मराठी भाषेने मात्र हा भेद मोडून टाकला आहे. प्राकृतातून आलेला 'पाहुणा' हा शब्द वाट चुकलेल्या प्रवाशाला जितका लागतो तितकाच मुलीच्या सासरच्या माणसांनाही लागतो, आणि ग्रामीण बोलीत तर सोयरिकीच्या माणसाला हाक मारण्याचे ते संबोधनच होऊन बसले आहे. दुसऱ्या बाजूला 'आप्त' हा शब्द आहे, जो तत्त्वज्ञानात एका वेगळ्याच वजनाने वापरला जातो. न्यायदर्शनात 'शब्द' या प्रमाणाची, म्हणजे ज्ञानाच्या विश्वसनीय साधनाची, व्याख्या 'आप्ताचा उपदेश' अशी केली आहे, आणि तेथे आप्त म्हणजे ज्याचे सांगणे पडताळून पाहण्याची गरज नाही असा माणूस. नातलगाला आप्त म्हणताना हा अर्थ पूर्णपणे मागे पडत नाही. ज्याच्याकडे पुरावा मागावा लागत नाही तो आप्त. आणि ज्याच्याकडे पुरावा मागूच नये असे शास्त्र सांगते तो अतिथी. या दोन वाक्यांतील अंतर पुढे एका ऐतिहासिक प्रसंगात पुन्हा भेटणार आहे.

नातलगांचा स्वतंत्र सन्मान मनुस्मृतीत आहेच. राजा, ऋत्विज म्हणजे यज्ञातील पुरोहित, विद्या पुरी करून आलेला स्नातक आणि गुरू यांच्या जोडीने जावई, सासरा आणि मामा हे वर्षभराच्या अंतराने घरी आले तर त्यांना मधुपर्क, म्हणजे दही आणि मध यांचे सन्मानपूर्वक दिलेले मिश्रण, अर्पण करावे असे तेथे सांगितले आहे. विवाहात वराला दिला जाणारा मधुपर्क हा याच उपचाराचा आज उरलेला अंश होय. येथे वर्षभराची अट लक्षणीय आहे, कारण नाते जुनेच असले तरी काळाचे अंतर पडल्यावर ते पुन्हा नव्याने स्वीकारावे लागते, ही समज तिच्यात दिसते, आणि समुद्रापार राहणाऱ्या भावाबहिणींना तिची सत्यता अधिकच पटावी. परंतु ही यादी सगळी पुरुषांची आहे. वर्षाने घरी येणाऱ्या लेकीचा तिच्यात उल्लेख नाही.

लेकीसाठी शास्त्राने जे ठेवले नाही ते लोकजीवनाने निर्माण केले, आणि त्याचे नाव माहेरपण. कामाला हात लावू न देणे, आवडीचे करून घालणे, उठण्याची वेळ न विचारणे, या साध्या गोष्टींतून उभी राहिलेली ही संस्था म्हणजे मराठी संस्कृतीने नात्याच्या घरातील विश्रांतीचा केलेला सर्वांत गंभीर विचार होय. वारकरी संतांनी पंढरपूरला माहेर म्हटले, याचा अर्थ या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखा आहे. भक्ताच्या परम विसाव्यासाठी उपमा शोधताना त्यांनी राजवाडा निवडला नाही की स्वर्गही निवडला नाही. सासुरवाशिणीने चार दिवसांसाठी नातलगांकडे जाणे हीच घटना त्यांना पुरेशी मोठी वाटली. तरीही माहेरपणाला एक सल आहे. लेक बसलेली असते तेव्हा आई किंवा भावजय चुलीपाशी उभी असते, आणि एकीची विश्रांती दुसरीच्या श्रमांतून आलेली असते. परदेशातील मुक्कामात तर भूमिका उलटसुलट होतात, कारण लेक नोकरीवर जाते, आई तिच्या स्वयंपाकघराचा ताबा घेते, आणि विश्रांतीसाठी आलेली बाई आठ दिवस पोळ्या लाटून परतते, ज्यात दोघींचेही प्रेम खरे असते आणि दोघींनाही विसावा मिळत नाही.

तेव्हा प्रेम पुरेसे नाही, असे मान्य करून पुढे जावे लागते. विश्रांतीसाठी मराठीत रूढ असलेले शब्दही हेच सुचवतात. 'रजा' हा शब्द अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ संमती असा आहे, म्हणजे वरिष्ठाने परवानगी दिली तरच ती मिळते. 'सुटी' सुटण्यातून आली आहे, म्हणजे आधी बांधलेले असणे तिच्यात गृहीत आहे. दोन्ही शब्दांत विश्रांती ही एका माणसाची, त्याच्या कामाच्या संदर्भात मोजलेली आणि दुसऱ्या कुणाच्या हातून आलेली गोष्ट आहे. यांहून वेगळी कल्पना धर्मशास्त्रात 'अनध्याय' या नावाने आढळते. अनध्याय म्हणजे वेदाध्ययन थांबवण्याचा काळ. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी यांसारखे ठरलेले अनध्याय तर आहेतच. पण याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात सदतीस तात्कालिक, म्हणजे त्या त्या निमित्तापुरत्या, अनध्यायांची जी यादी आहे ती विचारात पाडणारी आहे. कुत्रा, कोल्हा, गाढव, घुबड यांचा आवाज, सामगानाचा स्वर, पीडिताचा आक्रोश, धुळीचा वर्षाव, संधिकाल, धुके, भीती, जेवून ओले असलेले हात, नावेत किंवा वाहनात बसणे, अशी निमित्ते सांगत ती यादी एका विलक्षण नोंदीपाशी येते. शिष्ट, म्हणजे विद्वान व सदाचारी, माणूस घरी आला असता अध्ययन थांबवावे.

या नोंदीतील कार्यकारणाचा क्रम नीट पाहिला पाहिजे. आजची पद्धत अशी आहे, की आधी सुटी मिळते आणि मग तिच्यात पाहुणे म्हणून जायचे किंवा पाहुण्यांना बोलवायचे. स्मृतीच्या नोंदीत क्रम उलटा आहे. तेथे माणूस येतो आणि त्याच्या येण्यामुळे सुटी निर्माण होते. ती येणाऱ्याला मिळत नाही, तर ज्याच्या घरी तो आला त्याला मिळते, आणि वेदाध्ययनासारखे सर्वश्रेष्ठ मानलेले कर्मही तिच्यापुढे थांबते. मात्र ही कल्पना अध्ययन करणाऱ्यांपुरतीच राहिली. चुलीला अनध्याय असावा, जात्याला असावा, पाणी भरणाऱ्या हातांना असावा, असे कुणी लिहून ठेवले नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावरचे जू उतरते, पण त्या दिवशी पुरणपोळी करणाऱ्या हातांना उसंत नसते. शिष्ट घरी आला असता पुस्तक मिटते आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातील काम वाढते, ही या परंपरेतील खरी उणीव होय.

ही उणीव ज्या विचाराने भरून निघते तो महाराष्ट्राच्या बाहेर जन्मला असला, तरी महाराष्ट्रात शतकानुशतके पाळला गेला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत, बेने इस्राएल नावाचा ज्यू समाज राहत आला. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपली वाढ झाली, असे त्यांची परंपरा सांगते. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे, मराठी मातृभाषा आणि तेलाचा घाणा हा पिढीजात व्यवसाय यांमुळे हा समाज आजूबाजूच्या लोकजीवनात मिसळून गेला. पण आठवड्यातला एक दिवस तो मिसळला नाही. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, आणि म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. हिब्रू ग्रंथ हाताशी नसताना, विधी आणि प्रार्थना यांतले बरेचसे विस्मृतीत गेलेले असताना जे थोडे टिकले त्यात हे न करणे टिकले, ही गोष्ट धर्माच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावी. करण्याचे विधी शिकवावे लागतात. थांबण्याचा विधी घाण्याच्या बैलालाही कळतो.

हा दिवस म्हणजे शब्बाथ, आणि या हिब्रू शब्दाच्या मुळाशी 'थांबणे' हा अर्थ आहे. तोरा, म्हणजे ज्यू धर्माचा मूळ पंचग्रंथ, यात दशाज्ञा दोनदा येतात आणि शब्बाथचे कारण दोन्ही ठिकाणी वेगवेगळे दिले आहे. निर्गम या ग्रंथात ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून माणसानेही घ्यावा असे सांगितले आहे, तर अनुवाद या ग्रंथात मिसर देशातील गुलामगिरीची आठवण करून देऊन, जो स्वतः एकेकाळी दास होता त्याने आपल्या दासांना विसावा द्यावा असे म्हटले आहे. पहिले कारण विश्रांतीला सृष्टीच्या रचनेत स्थान देते आणि दुसरे तिला न्यायाशी जोडते. आज्ञेत ज्यांनी थांबायचे त्यांची यादी आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरे आणि तुझ्या वेशीच्या आत असलेला परका माणूस. या यादीत पत्नीचा वेगळा उल्लेख नाही, पण 'तू' या संबोधनात पतिपत्नी दोघेही येतात असाच तिचा अर्थ लावला जातो. घरातला एकही जीव, मग तो दोन पायांचा असो वा चार, दुसऱ्याच्या विश्रांतीसाठी राबत राहू नये, अशी ही रचना आहे.

इस्राएल राष्ट्राची स्थापना १९४८ मध्ये झाल्यानंतर बेने इस्राएल समाजाचा बराच मोठा भाग तिकडे स्थलांतरित झाला आणि दिमोना, अश्दोद, लोद, रामला, बेर्शेबा या शहरांत त्याची वस्ती झाली. मुंबई, ठाणे, अलिबाग येथे राहिलेल्यांचे भाऊ, बहिणी, मावश्या तेथे आहेत, आणि त्यांच्याकडे आठवडाभर जाऊन राहणे ही या समाजात आता पिढ्यांची रीत झाली आहे. आठवडाभराच्या मुक्कामाबद्दल एक साधी गोष्ट सांगता येते, की तो कोणत्याही वारी सुरू झाला तरी त्यात एक शनिवार येतोच. उरलेल्या दिवसांत यरुशलेमची पश्चिम भिंत पाहणे, मृत समुद्राला जाणे, बाजार करणे हे सारे घडते, आणि नातलगांकडे जाणाऱ्या कोणत्याही भारतीय कुटुंबाच्या मुक्कामासारखाच तो मुक्काम प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत वाटला जातो. शुक्रवारच्या सूर्यास्तापाशी मात्र ही यादी थांबते. बहुतेक शहरांत बसगाड्या बंद होतात, दुकाने मिटतात आणि रस्ते रिकामे होतात. सगळीच कुटुंबे सारख्या काटेकोरपणे शब्बाथ पाळतात असे नाही, आणि ज्या घरात तो अगदी सैलपणे पाळला जातो तेथेही शहराची ही शांतता आत शिरतेच. परंतु नियमांचा अर्थ नीट समजण्यासाठी ते जेथे पूर्णपणे पाळले जातात अशा घराचाच विचार करणे सोयीचे आहे.

मिश्ना, म्हणजे इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेली ज्यू विधिनियमांची संहिता, शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार सांगते. पेरणे, कापणी करणे, दळणे, मळणे, भाजणे, शिवणे, लिहिणे, विझवणे, पेटवणे, एका ठिकाणाहून दुसरीकडे वाहून नेणे, अशी ती कामे आहेत. शुक्रवारच्या सूर्यास्तानंतर अन्न शिजवता येत नाही. आधी शिजवलेले मंद आचेवर ठेवून उबदार राखता येते. वस्तीच्या सीमेपासून दोन हजार हातांपलीकडे, म्हणजे साधारण एका किलोमीटरपलीकडे, जाता येत नाही. या दोन नियमांचा पाहुणा आणि यजमान यांच्या नात्यावर होणारा परिणाम खोल आहे. पाहुण्याला कोठे घेऊन जायचे ही यजमानाची चिंता संपते, कारण कोठेच जायचे नसते, आणि पाहुण्यासाठी काय करू हा प्रश्न संपतो, कारण काहीच करायचे नसते. बेने इस्राएल घरात नारळाच्या दुधात शिजवलेले मटण आधीच तयार असते. मांसासोबत जनावराचे दूध वर्ज्य असल्याने कोकणातल्या या समाजाने नारळाचे दूध जवळ केले, आणि ती चव तो सोबत घेऊन गेला. मनुकांच्या सरबतावर म्हटलेल्या आशीर्वचनाने जेवण सुरू झाले, की घरातील बाई आणि घरी आलेली बाई दोघी एकाच पंक्तीला बसतात, आणि उठून गरम पोळी करून आणण्याची मुभा दोघींपैकी कुणालाही नसते.

यावर असा आक्षेप घेता येतो, आणि तो खोटा नाही, की शब्बाथमुळे बाईचे श्रम नाहीसे होत नाहीत, ते फक्त शुक्रवारवर ढकलले जातात, आणि सूर्यास्तापूर्वीची धावपळ तर रोजच्याहून अधिक असते. तालमूदने, म्हणजे मिश्नावरील विस्तृत चर्चाग्रंथाने, या आक्षेपाची चाहूल घेतल्यासारखे दिसते. शब्बाथची तयारी थोर पंडित स्वतःच्या हातांनी करीत असत असे सांगताना, एक जण मासळीला मीठ लावी, एक जण बीट चिरी, काही जण लाकडे फोडत आणि एक जण चूल पेटवी, अशा नोंदी तेथे नावानिशी दिल्या आहेत. ज्यांच्या एकेका वाक्यावर शतकानुशतके भाष्ये लिहिली गेली त्यांचे मासळी खारवणारे हात जपून ठेवावेत असे त्या परंपरेला वाटले, याचा अर्थ तयारीचा भारही वाटून घ्यायचा असतो एवढाच नाही, तर तो भार हलका मानायचा नसतो, असाही आहे. मनुस्मृतीतही या बाबतीत एक अनपेक्षित जागा सापडते. गृहस्थ पतिपत्नींनी अतिथींच्या नंतर जेवावे हा नियम सर्वांना माहीत असतो; पण प्रेमाने घरी आलेल्या मित्रादिकांना पत्नीसमवेत जेवू घालावे असेही तेथे म्हटले आहे, आणि नवविवाहिता, कुमारी, आजारी व गरोदर स्त्रिया यांना तर अतिथींच्याही आधी वाढावे असे सांगितले आहे. म्हणजे अतिथीसाठी घरच्या बाईने मागे थांबायचे असते, पण आपल्या माणसांसाठी नाही. आपल्या माणसासोबत तिने बसायचे असते. हा बारीक भेद पुढे 'पाहुणा' या एकाच शब्दात बुडून गेला आणि नात्यातल्या माणसालाही अतिथीसारखे वाढत उभे राहणे हीच रीत होऊन बसली, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

शब्बाथचे नियम इतके काटेकोर असताना पाहुण्यासाठी त्यांत सवलत आहे काय, हा प्रश्न मिश्नाने स्वतःच उपस्थित केला आहे. कोठारातून पेंढ्याच्या किंवा धान्याच्या चारपाच टोपल्या हलवून जागा करणे हे एरवी शब्बाथला न शोभणारे कष्टाचे काम. पण ते पाहुण्यांसाठी आणि अध्ययनगृहात अडथळा होऊ नये म्हणून करता येते, असा निर्णय तेथे आहे. पाहुणे आणि अध्ययन एकाच वाक्यात आल्यामुळे तालमूदमध्ये चर्चा रंगते. एका मते आतिथ्य अध्ययनाइतके थोर आहे, दुसऱ्या मते त्याहून थोर, आणि तिसरे मत असे, की आतिथ्य हे ईश्वराच्या सान्निध्याचे स्वागत करण्यापेक्षाही थोर आहे. या तिसऱ्या मताला आधार म्हणून अब्राहामाची कथा पुढे केली जाते. भर उन्हात तंबूच्या दाराशी ईश्वर अब्राहामाला दर्शन देतो, तेवढ्यात समोर तीन वाटसरू दिसतात, आणि अब्राहाम ईश्वराला तसेच थांबवून त्यांच्याकडे धावत जातो. याज्ञवल्क्यस्मृतीत शिष्टाच्या आगमनाने वेदाध्ययन थांबते, येथे वाटसरूंच्या आगमनाने साक्षात देवदर्शन थांबते. दोन दूरच्या परंपरा एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, आणि तरी दोहोंत तीच एक गोष्ट पडद्यामागे राहते, कारण त्या कथेत अब्राहाम धावत असतो तेव्हा तंबूच्या आत त्याची पत्नी सारा पीठ मळत असते.

आतिथ्य कितीही थोर ठरले तरी त्यात श्रमांची विभागणी असते, एक देतो आणि एक घेतो. शब्बाथची बैठक वेगळी आहे. तेथे देणारा आणि घेणारा दोघेही एकाच आज्ञेखाली थांबलेले असतात, आणि म्हणून नात्यातला माणूस, जो अतिथी नाही, त्याच्यासाठी हीच बैठक अधिक योग्य आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. अतिथीला पूजा लागते, आप्ताला सोबत लागते. मधुपर्काने त्याचा सन्मान होतो, पण त्याच्यासोबत काहीही न करता बसण्याची मोकळीक मधुपर्कातून मिळत नाही. अब्राहाम योशुआ हेशेल या विसाव्या शतकातील ज्यू विचारवंताने १९५१ मध्ये शब्बाथवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या दिवसाकडे काळात उभारलेल्या वास्तूसारखे पाहिले आहे. ती उपमा पुढे नेली तर असे म्हणता येईल, की काळाच्या या घरात यजमान कुणीच नसतो. ज्याचे घर त्यालाही तेथे तितकेच बाहेरून यावे लागते जितके कोकणातून गेलेल्या त्याच्या बहिणीला.

आप्तपणाच्या प्रश्नाला बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात एक दुखरी बाजूही आहे. ते इस्राएलमध्ये गेले ते पाहुणे म्हणून नव्हे, तर दीर्घ काळानंतर स्वगृही परतणारे नातलग म्हणून. पण तेथील प्रमुख रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मंडळाने १९६२ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी या समाजातील वधूवरांच्या पूर्वजांची, विशेषतः मातृकुळाची, चौकशी करण्याचे निर्देश दिले. पराशरस्मृती सांगते, की आलेल्या अतिथीला त्याचे गोत्र किंवा चरण, म्हणजे वेदशाखा, विचारू नये. आणि मनुस्मृतीच्या मते अन्न मिळावे म्हणून आपले कुळगोत्र सांगत बसणे पाहुण्यालाही शोभत नाही. परक्याला गोत्र विचारायचे नाही आणि आप्ताला विचारण्याची गरज नाही, असा जो दुहेरी दिलासा या विचारात आहे तो नेमका येथे नाकारला गेला. परक्यासारखी वागणूक मिळाली असती तर कुणी गोत्र विचारले नसते, आप्तासारखी मिळाली असती तरीही नाही. समाजाने निदर्शने केली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेट, म्हणजे इस्राएलची संसद, हिने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे ठरावाने जाहीर केले, त्यानंतर ते निर्देशही बदलले गेले. ठरावाने हक्क मिळतो. ज्याच्या शब्दाला पुरावा लागत नाही असा आप्त मात्र ठरावाने होत नाही, तो एकमेकांच्या घरी राहण्यानेच होतो.

याच समाजाच्या स्मृतीत याहून फार वेगळी एक चौकशीही जपलेली आहे. दाविद रहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला आणि शनिवार पाळणारे हे तेली आपल्याच धर्माचे आहेत काय याची त्याला उत्सुकता वाटली, अशी परंपरा आहे. त्याने घरातल्या स्त्रियांसमोर निरनिराळी मासळी ठेवून ती रांधायला सांगितली, आणि त्यांनी पर व खवले नसलेली मासळी, जी तोरानुसार निषिद्ध आहे, आपणहून बाजूला काढली. त्यावरून त्याने नाते ओळखले आणि तो त्यांना शिकवण्यासाठी थांबला. रहाबीच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कथेचे मर्म त्यावर अवलंबून नाही. येथेही परीक्षाच आहे, परंतु ती दाखल्यांची नाही. आलेला माणूस पानावर बसतो, रांधणाऱ्या हातांकडे पाहतो, आणि पाहुणा म्हणून आलेला नातलग होऊन जातो.

शब्बाथची सांगता शनिवारी आकाशात तीन तारे दिसल्यावर होते. त्या विधीला हव्दाला म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ 'वेगळे करणे' असा आहे, म्हणजे पवित्र दिवस आणि रोजचे दिवस यांच्यात रेघ ओढणे. द्राक्षरसाचा पेला, सुगंधी द्रव्ये आणि अनेक वाती एकत्र वळलेली ज्योत एवढे त्याचे साहित्य असते. याच वेळी एलिया संदेष्ट्याचे गीत म्हणण्याची रीत ज्यू जगात सर्वदूर आहे, आणि बेने इस्राएल समाजात तर एलियाहू हन्नाबी, म्हणजे हाच संदेष्टा एलिया, हे सर्वांत जवळचे दैवी व्यक्तिमत्त्व होय. त्यांच्या रथाच्या घोड्याची टाप अलिबागजवळच्या एका खडकावर उमटली आहे अशी श्रद्धा आहे, आणि नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी पोहे, ओला नारळ, साखर आणि फळे यांचा मलिदा त्यांच्या नावाने केला जातो, जो आजही लोद आणि अश्दोद येथील घरांत होतो. एलियाच्या आयुष्यातील प्रसिद्ध प्रसंग आतिथ्याचाच आहे. दुष्काळात तो एका विधवेच्या दारी जातो, तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडे तेल उरलेले असते, ती त्यातूनच त्याला भाकर करून देते, आणि मग ते पीठ सरत नाही व तेल आटत नाही. वल्हांडण या ज्यू सणाच्या भोजनात त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी आसन मांडतात, कारण तो केव्हा येईल याचा दिवस ठरलेला नाही. ज्याच्या तिकिटावर परतीची तारीख आहे असा भाऊ आणि ज्याच्या येण्याला तारीखच नाही असा हा अतिथी, दोघांसाठी त्या घरात शनिवारच्या रात्री जागा असते.

ज्योत द्राक्षरसात विझवली जाते, आणि वेगळे करण्याचे काम सुरू होते. इस्राएलमध्ये रविवार हा कामाचा पहिला दिवस असल्याने घरातल्या माणसाला पहाटे निघायचे असते, तर भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या अंगवळणी रविवारची सुटी पडलेली असते. चूल पुन्हा पेटवता येते. चहा कुणी टाकायचा हा प्रश्न चोवीस तासांहून अधिक काळ नव्हता, तो आता दोघी बहिणींपुढे येतो, आणि दोघीही एकदमच उठतात.